कातडें : नवें आणि जुनें

पस्तीस वर्षें ज्यानें मुलांस शुद्धलेखन आणि अंकगणित शिकविलें, त्यानें आज कातड्याच्या कामाविषयीं बोलावयास उभें राहावें, याचें माझ्या ओळखीच्या कांहीं मंडळींस नवल वाटेल. परंतु सेवानिवृत्त झाल्यापासून गेलीं सहा-सात वर्षें मी आमच्या गांवांतील एका कारागिराच्या ओसरीवर रोज दोन तास बसत आलों आहें. कोल्हापुरापासून थोड्याच अंतरावर आमचें गांव आहे. हा कारागीर पायताणें शिवतो, जुन्या पिशव्या दुरुस्त करतो, आणि एके काळीं तो माझा विद्यार्थी होता. आतां तो गुरु आहे व मी शिष्य आहें. त्याच्याकडून जें थोडेंबहुत शिकलों, तें आपणांपुढें मांडावें एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम एका साध्या प्रश्नापासून आरंभ करूं. जनावराच्या अंगावरून निघालेलें कातडें आणि आपल्या पायांतील चपलेचें कातडें यांत भेद कोणता? ओलें कातडें तसेंच टाकलें तर थोड्याच दिवसांत कुजतें. तें ताणून वाळविलें तर टिकतें, परंतु ताठ होतें आणि पुन्हां भिजलें कीं पुन्हां कुजूं लागतें. तबल्याची किंवा ढोलकीची पुडी अशा न कमावलेल्या कातड्याची असते. म्हणूनच पावसाळी हवेंत तिचा आवाज उतरतो. चपलेला किंवा पिशवीला असलें कातडें चालणार नाहीं. तें लवचीक राहिलें पाहिजे, भिजून वाळलें तरी कुजतां कामा नये. हा पालट ज्या क्रियेनें घडतो, तिला आपल्या भाषेंत ‘कमावणें’ असा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. कातडें आयतें मिळत नाहीं, तें कमवावें लागतें.

कोल्हापूरकडील जुनी रीति अशी. कातडें आणतांच त्यास मीठ लावतात, म्हणजे तें कुजत नाहीं. मग धुऊन चुन्याच्या निवळींत कांहीं दिवस भिजत ठेवतात. चुन्यानें केसांचीं मुळें सैल होतात. नंतर एका बाजूचे केस व दुसऱ्या बाजूचें मांस खरवडून काढतात आणि चुना निघून जाईपर्यंत पुनःपुन्हां धुतात. यानंतर खरें काम सुरू होतें. बाभळीची साल आणि हिरडा कुटून पाण्यांत घालतात व त्या अर्कांत कातडें मुरवितात. पुढें कातड्याच्या कडा शिवून त्याचीच एक मोठी पखाल करतात, ती टांगतात, आणि तिच्यांत साल, हिरडा व पाणी भरतात. आंतील अर्क स्वतःच्या भारानें कातड्यांतून हळूहळू पाझरतो, खालीं जमतो, आणि तोच पुन्हां वर ओततात. या सर्वांस कित्येक आठवडे लागतात.

यांत घडतें काय? कातडें म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंचें दाट जाळें होय. बाभळीच्या सालींत व हिरड्यांत एक तुरट द्रव्य असतें. कच्चा हिरडा चघळला असतां जीभ आखडल्यासारखी होते, ती याच द्रव्यामुळें. हें द्रव्य कातड्याच्या तंतूंना घट्ट धरून बसतें. मग तंतु एकमेकांस चिकटून ताठ होत नाहींत, आणि कुजविणाऱ्या जंतूंस त्यांचा घांस घेतां येत नाहीं. त्यासरशी कातड्यास तो सुंदर तांबूस-पिंगट रंगही चढतो. हा रंग वरून लावलेला नसतो. तो तंतूंत शिरलेला असतो, म्हणून धुऊन जात नाहीं.

श्रोतेहो, येथें मला थोडें थांबून एक कबुली द्यावयाची आहे. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षीं चौथीच्या वर्गांत एक मुलगा होता. त्याच्या घरीं आजा कातडीं कमावीत असे आणि बाप पायताणें शिवीत असे. शाळेंत येण्यापूर्वीं तो मुलगा आज्याच्या हाताखालीं काम करून येई. स्वच्छतेच्या तपासणीच्या दिवशीं मीं त्याचे हात पाहिले. बोटें व तळवे काळपट तांबडे. मीं म्हटलें, “अरे, हात धुऊन ये.” तो धुऊन आला, रंग तसाच. मीं त्यास पुन्हां पाठविलें, आणि मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेस त्यानें हात विटकरीच्या तुकड्यानें घासले होते व बोटें सोललीं होतीं. तो इतकेंच म्हणाला, “गुरुजी, जात न्हाई.” वर्गांतील मुलें हंसलीं. मीं त्यांस हंसूं दिलें, आणि त्याच्या नांवापुढें ‘अस्वच्छ’ असा शेरा मारला.

बाभळीचें द्रव्य ज्या तंतूंना धरतें, तसलेच तंतु माणसाच्या हातावरील कातड्यांतही असतात. मुलाचा हात मळलेला नव्हता. तो कामानें रंगलेला होता. एवढी साधी गोष्ट शिक्षकास ठाऊक नव्हती, आणि ती त्यानें मुलास विचारलीही नाहीं. तोच मुलगा आज पन्नाशी उलटलेला कारागीर आहे, आणि त्याच्याच ओसरीवर मी बसतों.

आतां पुढें जाऊं. या तुरट द्रव्याचें लोखंडाशीं एक विशेष नातें आहे. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वीं काळी शाई करीत, तें श्रोत्यांपैकीं वृद्धांस आठवत असेल. लोखंड आणि हिरडा एकत्र आले कीं काळा रंग होतो. म्हणून सालींनें कमावलेल्या ओल्या कातड्यावर गंजका खिळा ठेवला तर तेथें काळा डाग पडतो, आणि ओलें कातडें लोखंडी हत्यारानें कापणाऱ्याचीं बोटेंही काळवंडतात. या गुणाचा उपयोग परीक्षेसाठीं होतो. गंजक्या खिळ्यांचें पाणी कातड्याच्या आंतल्या बाजूस एक थेंब लावावें. डाग काळा झाला तर कातडें झाडाच्या सालीनें कमावलेलें आहे असें समजावें.

दुसऱ्या प्रकारचें कातडें क्रोम धातूच्या क्षारांनीं कमावतात. ही रीति एकोणिसाव्या शतकांत निघाली आणि आज जगांतील बहुतेक कातडें तिनेंच तयार होतें, कारण आठवड्यांचें काम एक-दोन दिवसांत उरकतें. क्रोमचें कातडें मऊ असतें, पाणी व उष्णता अधिक सोसतें. बुटांच्या वरच्या भागास, हातमोज्यांस, नरम पिशव्यांस तें उत्तम. त्याची कापलेली कड पाहिली तर पुष्कळदां आंत निळसर-करडी झांक दिसते. सालीचें कातडें जाड, भारदस्त. तें ओलें करून आकार द्यावा, तो वाळल्यावर तसाच राहतो. त्यावर ठसा उठतो. त्याची कड घांसली असतां चकाकते. तळ, पट्टा, दप्तर यांस तें हवें. दोहोंत श्रेष्ठ-कनिष्ठ असें कांहीं नाहीं. काम पाहून कातडें निवडावें.

नवें कातडें घेतांना आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. एकाच कातड्याचे सर्व भाग सारखे नसतात. पाठीचा भाग दाट व घट्ट असतो. पोटाचा व बगलेचा भाग सैल असून ताणला जातो. पट्टा पोटाच्या भागांतून कापला तर वर्षभरांत तो हातभर लांबल्यासारखा वाटतो. म्हणून खांद्याचा पट्टा, बंद व तळ पाठींतून काढावे. आंतले कप्पे, अस्तर, झांकण पोटांतून काढलें तरी चालतें. कापण्यापूर्वीं जाड कागदाचे नमुने करून ते कातड्यावर मांडावे व हलवून पाहावे. कापडाची चूक शिवणींत लपते, कातड्याची लपत नाहीं.

आमच्याकडील पायताण हें या सर्व ज्ञानाचें सार आहे. खालचा व वरचा तळ म्हशीच्या जाड कातड्याचा, दोहोंच्या मध्यें दोन बाजूंस ‘कान’ बसवितात, पावलावरून जाणारा पट्टा त्या कानांस जोडतात, पुढें अंगठा, आणि पट्ट्यावर शेळीच्या पातळ कातड्याच्या वेण्या. अस्सल पायताणांत खिळा नसतो. कातड्याचीच बारीक वादी ओवून तळ शिवतात. खिळा कां नाहीं, याचें उत्तर मघाशींच येऊन गेलें. सालीच्या ओल्या कातड्यांत लोखंड गंजतें व भोंवतालचें कातडें काळें पडून झिजतें. वादी मात्र कातड्याबरोबर भिजते, कातड्याबरोबर वाळते. वेण्या घालण्याचें नाजूक काम बहुधा घरांतील स्त्रिया करतात. दुकानांत ज्या जोडाचा भाव आपण पाडून मागतों, त्यास असे अनेक हात लागलेले असतात.

हत्यारें थोडीं आहेत : कातडें कापण्यास व त्याची कड पातळ करण्यास रापी, भोंक पाडण्यास आरी, ठोकण्यास हातोडी व ऐरण, दोन सुया, मेण लावलेला पीळदार दोरा. टाक्यांचें अंतर आंखण्यासाठीं मी माझ्या कंपासपेटींतील कर्कटक वापरतों. त्याचीं दोन टोकें ठराविक अंतरावर ठेवून कातड्यावर चालवीत नेलीं कीं सारख्या खुणा उमटतात. शिक्षकाची तेवढीच एक विद्या या ओसरीवर उपयोगी पडली.

हातानें घातलेला टाका यंत्राच्या टाक्याहून टिकाऊ कां, हेंही समजून घेण्याजोगें आहे. यंत्रांत एक दोरा वर आणि एक खालीं असतो. दोघे प्रत्येक छिद्रांत एकमेकांस अडकून आपापल्या बाजूस परततात. एक तुटला कीं दुसऱ्याचा आधार जातो व शिवण उसवत जाते. हातकामांत एकाच दोऱ्याच्या दोन टोकांस दोन सुया असतात आणि प्रत्येक छिद्रांतून दोन्ही सुया उलट दिशांनीं आरपार जातात. एका बाजूचा धागा झिजून तुटला तरी दुसरा त्याच छिद्रांतून गेलेला असतो व शिवण धरून ठेवतो. मात्र प्रत्येक टाक्यास दोन्ही हातांनीं सारखाच ओढा दिला पाहिजे.

आतां जुन्या कातड्याकडे येऊं. कातडें ही लवकर न मरणारी वस्तु आहे. बहुतेक वेळां पिशवी फाटते ती शिवणींत, कोपऱ्यांत, किंवा पट्टा जेथें जोडलेला असतो तेथें; मधला मोठा भाग शाबूत असतो. माझ्या गुरूचा आजा निकामी झालेल्या मोटेच्या कातड्यांतून चांगले तुकडे काढून ठेवी आणि दुरुस्तीस वापरी. विहिरींवर विजेचे पंप आले, मोटा गेल्या, परंतु जुनीं दप्तरें, कमरपट्टे, प्रवासाच्या पेट्या, सायकलींचीं खोगिरें हीं घरोघर पडून असतात.

जुनें कातडें घेण्यापूर्वीं त्याच्या चार परीक्षा कराव्या. पहिली, उलट बाजू पाहावी. तेथें विणलेलें कापड दिसलें तर तें रेग्झीन आहे; त्याचा पापुद्रा सुटूं लागला कीं उपाय नाहीं. दुसरी, तुकडा दुमडावा. वरचा रंग चिरला तर हरकत नाहीं, परंतु आंतील तंतु तुटत असतील तर तो तुकडा टाकावा. तिसरी, कडेवरून बोट फिरवावें. बोटास तांबडी भुकटी लागली तर कातड्याचे तंतु मरून गेले आहेत असें समजावें; तेल पाजून मेलेलें कातडें जिवंत होत नाहीं. चौथी, कापलेल्या कोपऱ्याचें टोक ओढून पाहावें. कातड्याचा भुगा डिंकानें जोडून केलेला माल कागदासारखा फाटतो. खरें कातडें सहसा फाटत नाहीं.

परीक्षेंत उतरलेलें कातडें ओलसर फडक्यानें पुसावें, बुडवून धुऊं नये. बुरशी असेल तर प्रथम कोरड्या फडक्यानें घराबाहेर झाडावी. सावलींत वाळवावें, उन्हांत किंवा चुलीजवळ वाळविलेलें कातडें आखडतें. नंतर एरंडेलाचे थोडे थेंब फडक्यावर घेऊन चोळावे आणि रात्रभर ठेवावें. तेल थोडेंच हवें. अधिक झालें तर कातडें ढिलें पडतें आणि कपड्यांस डाग लागतात.

कापतांना मुख्य नियम असा कीं जुनीं छिद्रें बुजत नाहींत. टपालाच्या तिकिटांच्या मधली भोकांची रांग जशी फाडण्यास सोयीची, तशीच जुन्या शिवणीची रांग कातड्यास दुबळें करते. म्हणून जुनी शिवण कापून टाकावी व नवी शिवण कोऱ्या जागीं घालावी. तुकडा त्यानें लहान होतो. तेव्हां वस्तूच लहान करावी. पेटीच्या झांकणांतून दप्तर, दप्तरांतून चष्म्याचें घर, आणि उरलेल्या चिंध्यांतून किल्ल्यांची पट्टी निघते.

जुन्या-नव्याची सांगड घालतांना ताण जेथें येतो तेथें नवें, आणि जेथें नुसतें झांकावयाचें असतें तेथें जुनें वापरावें. नवें कातडें अजून ताणलें जावयाचें असतें, जुनें ताणून झालेलें असतें. दोन्ही तसेंच शिवले तर कांहीं महिन्यांनीं नवा भाग फुगतो. म्हणून नवा पट्टा आधीं ओला करून, ताणून, वाळवून मगच जोडावा.

ज्या दप्तरानें माझी पंचवीस वर्षें सोबत केली, तें एका दुकानदारानें “फेंकून द्या, नवें घ्या” म्हणून परत दिलें होतें. त्याचीं पुढची व मागची बाजू शाबूत होती. मधली पट्टी आणि पट्ट्याचे जोड गेले होते. नवी मधली पट्टी लावण्यासाठीं एका बाजूच्या शिवणीची लांबी दहा, चौदा व दहा मिळून चौतीस इंच भरली. इंचास सहा टाके धरले तर २०४ छिद्रें, दोन्ही बाजूंचीं ४०८. दोरा शिवणीच्या चौपट लागतो, म्हणजे एका बाजूस १३६ इंच, अर्थात् ११ फूट ४ इंच. प्रत्येक छिद्रांतून दोन सुया, म्हणजे ८१६ वेळां सुई ओढावयाची. मला तीन आठवडे लागले. गुरूनें माझी पहिली शिवण पाहिली आणि कांहीं न बोलतां रापीनें उसवून परत दिली. त्यानें ‘वाईट’ असा शेरा मात्र मारला नाहीं. शेजारीं बसून त्यानें पहिले दहा टाके स्वतः घालून दाखविले.

या हिशेबाचा दुसरा अर्थही आहे. हातकामाची किंमत कातड्यांत थोडी आणि वेळांत फार असते. २०१९ सालीं कोल्हापुरी पायताणास भौगोलिक मानांकन मिळाल्याचें जाहीर झालें. त्यांत महाराष्ट्रांतील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकांतील बेळगांव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा समावेश आहे. पुढें जून २०२५ मध्यें इटलींतील मिलान शहरीं प्राडा या प्रसिद्ध पेढीनें आपल्या प्रदर्शनांत अगदीं अशाच घाटाचीं पायताणें दाखविलीं. आरंभीं त्यांच्या मुळाचा उल्लेख नव्हता. आपल्याकडे टीका झाली, तेव्हां पेढीनें भारतीय परंपरेचें ऋण मान्य केलें. आम्हां सर्वांस त्या वेळीं राग आला, आणि तो योग्यच होता. परंतु मला स्वतःला असेंही वाटलें कीं मूळ कारागिराचा उल्लेख न करण्याचा दोष केवळ परदेशी पेढीचा नव्हे. पायताण आपण अभिमानानें घातलें. तें करणाऱ्या चर्मकारास आणि कातडें कमावणाऱ्या ढोर समाजास मात्र पिढ्यान् पिढ्या गांवाच्या कडेला ठेवलें.

गांधीजी दक्षिण आफ्रिकेंत टॉल्स्टॉय फार्मवर असतांना चपला शिवावयास शिकले. तुरुंगांत त्यांनीं केलेला एक जोड त्यांनीं १९१४ सालीं जनरल स्मट्स यांस भेट दिला, आणि स्मट्स यांनीं तो जपून ठेवून १९३९ सालीं त्यांस परत पाठविला. ही गोष्ट मी वर्गांत पुष्कळदां सांगत असें. ज्याचे हात रंगलेले होते तो मुलगाही ती ऐकत असला पाहिजे.

असो. श्रोत्यांस माझी इतकीच विनंती आहे. जुनी पिशवी टाकण्यापूर्वीं ती एकदां दुमडून पाहा. नवें पायताण चावूं लागलें तर त्यास थोडें तेल द्या, तें पावसांत नेऊं नका, भिजलेंच तर सावलींत वाळवा. गांवांत जो दुरुस्ती करणारा असेल त्याच्याकडे जा, आणि भाव ठरवितांना टाके मोजा. जमलें तर आपल्या मुलानातवांस एखादी रविवारची सकाळ त्याच्या ओसरीवर बसूं द्या.

शिकूं लागल्याच्या दुसऱ्या महिन्यांत माझीं बोटें ओल्या कातड्यानें काळवंडलीं. घरीं जाऊन मीं तीं साबणानें, मग चिंचेनें, मग दगडानें घासलीं. दुसऱ्या दिवशीं ओसरीवर बसलों आणि चाळीस वर्षांपूर्वींच्या त्या तपासणीविषयीं क्षमा मागितली. त्यानें माझ्या सोललेल्या बोटांकडे पाहिलें व म्हणाला, “घासायचं न्हाई, गुरुजी. आठ दिसांत आपसूक फिकं हुतंय.” मग त्यानें रापी माझ्याकडे सरकविली, आणि आम्ही कामास लागलों.